हिशेबाची वही : मध्यरात्रीचा सूर्य आणि आमची भिशी

गेल्या महिन्यात याच पानावर आम्ही शादीच्या घरातला फालतू खर्च कसा आवरावा ते लिहिले. त्यावर काही भगिनींचे म्हणणे आले, "तुम्ही नेहमी काटकसरच सांगता. कधी हौसेचाही हिशेब सांगा की!" घ्या तर मग, या महिन्यात हौसेचाच हिशेब. तोही माथेरान-महाबळेश्वरचा नाही. येत्या मे महिन्यात, इन्शाअल्लाह, आम्ही नॉर्वेला निघालो आहोत.

वाचून भुवया उंचावल्या असतील, तर त्यात नवल नाही. आमच्या नातेवाइकांच्याही उंचावल्या. दोघे शाळामास्तर, घराची माडी अजून अर्धवट, आणि निघाले जगातल्या महागड्या देशात! म्हणून आधी कारण सांगतो.

आमच्या अब्बांनी तीस वर्षे नववी-दहावीला भूगोल शिकवला. फळ्यावर खडूने नॉर्वेचा किनारा काढायचे आणि विचारायचे, "आपली दाभोळची खाडी आणि हे फियॉर्ड, फरक काय?" मग स्वतःच सांगायचे. खाडीची दरी नदीने कोरली, फियॉर्डची हिमनदीने. बर्फ गेला, समुद्र आत शिरला. तिथेच वर, उत्तरेच्या टोकाला, उन्हाळ्यात सूर्य रात्रीही मावळत नाही. हे सगळे त्यांनी शेकडो मुलांना सांगितले, पण स्वतः पाहिले नाही. आता ते बहात्तर वर्षांचे आहेत आणि दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. डाव्या डोळ्याची नजर बहुतेक गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही. उरलेली टिकावी म्हणून रोज थेंब घालायचे, एवढेच हातात असते. डॉक्टरांना आम्ही विचारले, "किती वर्षे?" ते म्हणाले, "ते मला सांगता येणार नाही."

त्या संध्याकाळी घरी येऊन आम्ही वही उघडली. माडी दोन वर्षांनी बांधता येईल. हे मात्र दोन वर्षांनी होईलच असे नाही.

एका प्रवासी कचेरीत गेलो. त्यांनी आठ दिवसांत नऊ गावे दाखवणारी सहल पुढे ठेवली आणि पैसे हप्त्याने भरा म्हणाले. व्याजाचा हप्ता आम्हाला घ्यायचा नव्हता. पण त्याआधीच अब्बांनी विचारले, "नऊ गावे? मग बघणार कधी?" त्या एका प्रश्नाने आमची अर्धी आखणी झाली. महागड्या देशात सर्वांत महाग पडते ती घाई. रोज गाव बदलले की रोज नवी खोली, नवे तिकीट, आणि स्वयंपाक करायला सवड नसल्यामुळे बाहेरचे जेवण. तिथला एक क्रोनर म्हणजे आपले साधारण आठ-नऊ रुपये. साध्या हॉटेलात एका माणसाचे जेवण २०० क्रोनरच्या पुढेच जाते. म्हणून आम्ही गावे चारच ठेवली : ऑस्लो, फ्लोम, बर्गन आणि ट्रॉम्सो.

महिना कोणता? बहुतेक लोक जुलैत जातात, तेव्हा गर्दीही असते आणि दरही चढे असतात. आपल्या शाळांची सुट्टी मे महिन्यात असते, आणि हे आपल्या फायद्याचे आहे. डोंगरावरचा बर्फ वितळत असल्याने धबधबे मे-जूनमध्ये भरून वाहतात. ट्रॉम्सोला साधारण २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळत नाही. काचबिंदूच्या माणसाला अंधूक उजेडात चालणे अवघड जाते. अब्बांसाठी लख्ख उजेडाचे दिवस आणि तशाच रात्री, याहून बरे काय? मात्र उत्तरेत मे महिन्यातही थंडी असते, जमिनीवर बर्फही असू शकतो. बकरी ईद घरीच करायची, म्हणून परतीची तारीख आम्ही आधी ठरवली आणि बाकीचे दिवस मागे मोजत गेलो.

फुकटात काय मिळते? हा प्रश्न आम्ही वहीत सर्वांत वर लिहिला होता, आणि उत्तर वाचून आमचे आम्हालाच आश्चर्य वाटले. त्या देशात १९५७ चा एक कायदा आहे. त्यानुसार शेती-वस्ती सोडून मोकळ्या रानात, डोंगरात, पाण्याकाठी कोणालाही फिरता-बसता येते, जमीन कोणाच्याही मालकीची असो. म्हणजे फियॉर्डच्या काठावर अब्बा दिवसभर बसले, तरी कोणी तिकीट मागणार नाही. नळाचे पाणी पिण्याजोगे असते, बाटली विकत घेण्याची गरज नाही. घेतलीच, तर रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात परत टाकायची. आकाराप्रमाणे दोन-तीन क्रोनर परत मिळतात. आणि १७ मे हा त्यांचा राष्ट्रीय दिन, १८१४ च्या राज्यघटनेचा. त्या दिवशी ऑस्लोत रणगाडे निघत नाहीत, शाळेची मुले झेंडे घेऊन मिरवणूक काढतात आणि राजा सज्जातून त्यांना हात करतो. आम्हा मास्तरांना हे चुकवून कसे चालेल? पण त्या दिवशी दुकाने बंद. रविवारीही मोठी किराणा दुकाने बंद असतात. म्हणून आदल्या दिवशीच सामान भरून ठेवायचे.

पैसे कुठे मोजायचे? जिथे बसल्या जागी पाहता येते तिथे. ऑस्लोहून बर्गनकडे जाणारी रेल्वे १९०९ साली पूर्ण झाली. फिन्से स्थानकावर ती १,२२२ मीटर उंचीवर चढते. वाटेत मिरडालला उतरून छोटी गाडी धरायची. ती वीस किलोमीटरांत ८६० मीटरांहून अधिक खाली उतरून फ्लोमला पाण्याच्या काठी पोचते. तिथून बोटीने नॅरॉय फियॉर्ड. हे फियॉर्ड युनेस्कोच्या यादीत आहे. एका ठिकाणी त्याची रुंदी जेमतेम २५० मीटर, दोन्ही बाजूंना सरळ उभे कडे. अब्बांना बाजूचे कमी दिसते, समोरचे मोठे दिसते. हे त्यांना दिसेल. गुडवांगेनला बोट सोडून बसने वॉस आणि तिथून रेल्वेने बर्गन. पुढे ट्रॉम्सोला विमान. तिथे तीन रात्री ठेवल्या आहेत, कारण ढग आले तर सूर्य मावळला काय नि न मावळला काय, सारखेच. एक तरी रात्र निरभ्र मिळावी, एवढीच दुआ.

लांब पल्ल्याच्या रेल्वेची तिकिटे जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. ६७ वर्षांवरील माणसांना रेल्वे, बस, बोट यांत बऱ्याच ठिकाणी सवलत असते, ती विचारून घ्यावी. विमानतळावर चाकाची खुर्ची हवी असेल तर तिकीट काढतानाच सांगावे, तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

राहणे आणि खाणे. कॅम्पिंगच्या जागी लाकडी खोल्या मिळतात, आत शेगडी असते. स्वस्तातल्या खोलीला न्हाणीघर बाहेर असते आणि पलंग एकावर एक. अब्बांसाठी आम्ही न्हाणीघर आत असलेली खोली घेतली. इथे हात आखडता घेतला नाही. चादरींचे पैसे निराळे पडतात, त्या घरून न्यायच्या.

बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ त्या देशात नेता येत नाहीत. तेव्हा तूप आणि खव्याची मिठाई बॅगेत नको. तांदूळ, डाळ, मसाला बरोबर घेतला आहे. सुके बोंबील अब्बांनी स्वतःच यादीतून काढले : "लाकडाची खोली आहे, मागून येणाऱ्याचे काय?" मासळी तिथे मुबलक. दुकानातली गोठवलेली मासळी हॉटेलच्या मानाने खूप स्वस्त पडते, त्यामुळे सालनाची चिंता नाही. हलाल गोश्त हवे तर ऑस्लोत ग्रॉनलँड नावाचा भाग आहे. १९७० च्या सुमारास पाकिस्तानातून कामगार तिथे गेले, त्यांची पुढची पिढी तिथलीच झाली. उर्दू बोलणारा दुकानदार भेटला की अब्बांची कळी खुलेल. डबाबंद वस्तू घेताना 'स्विन', 'फ्लेस्क', 'शिंके' हे शब्द ओळखून ठेवावेत. तिन्ही डुकराच्या मांसाचे.

नमाजचे काय? जिथे सूर्य मावळतच नाही तिथे मगरिब कधी? आमच्या इमामसाहेबांना विचारले. ते म्हणाले, उलमांची मते वेगवेगळी आहेत. कोणी जवळच्या, दिवसरात्र होणाऱ्या शहराची वेळ धरतात, कोणी मक्केची. मुसाफिराच्या सवलतीही प्रत्येक मसलकात निराळ्या. तुम्हीही आपल्या इमामांना निघण्याआधी विचारून घ्या, तिथे जाऊन वाद नको. किब्ला आपल्याला पश्चिमेला सवयीचा आहे, तिथे तो दक्षिण-आग्नेयेला येतो. अब्बांच्या डोळ्यांतले थेंबही तसेच. उजेडावर विसंबून चालणार नाही, घड्याळ पाहून घालायचे. थेंब आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या पिशवीत.

कागदपत्रे. नॉर्वेला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. मोठ्या माणसाची फी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोचा प्रवासी विमा हवा. विमा काढताना जुना आजार लपवू नका. तो लिहा, आणि त्यावर काय मिळेल, काय मिळणार नाही ते आधीच वाचा. संस्थेची परवानगी, पगाराच्या पावत्या, बँकेचे उतारे लागतात. व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येतील अशाच खोल्या राखून ठेवाव्यात.

आता बेरीज. विमानापासून चहापर्यंत माणशी अडीच लाख. तिघांचे साडेसात. शिक्षक-खोलीतली दोन वर्षांची भिशी आणि माडीसाठी ठेवलेले पैसे. चौघांचे बसत नव्हते. ही गोष्ट मुलीला सांगताना आम्हाला जड गेले. ती अकरावीत आहे. थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "मला नंतर जाता येईल. दादांना नाही ना." ती नानीकडे राहणार आहे. एका नातेवाइकांनी याला इस्राफ म्हटले. आम्ही त्यांच्याशी वाद घातला नाही. पण कर्ज नाही, कोणाचा हक्क मारलेला नाही, जकात काढून झाली आहे. उरले ते कशावर खर्चायचे, हे घराने मिळून ठरवले.

पुढच्या आठवड्यात बोटांचे ठसे द्यायला मुंबईला जायचे आहे. व्हिसा मिळेल की नाही, ढग असतील की नाही, हे आमच्या हाती नाही. आम्ही सगळी आखणी जाड काळ्या पेनाने, बोटभर अक्षरांत लिहून काढली. अब्बा ती रोज भिंगाखाली धरून वाचतात आणि चुका काढतात. काल ट्रॉम्सोच्या पुढे त्यांनी स्वतःच्या हाताने अक्षांश लिहिले : ६९ अंश ३९ मिनिटे उत्तर. ओळ थोडी वाकडी गेली आहे, आकडा बरोबर आहे.

तुमच्याही घरात कोणाची अशी एखादी जुनी इच्छा असेल. ती नॉर्वेचीच असेल असे नाही, हैदराबादची असेल, काश्मीरची असेल. ती आधी विचारा, मग वही उघडा. परत आलो की खरा खर्च आणि आमच्या चुका याच पानावर मांडू, इन्शाअल्लाह.