सहा की आठ?

भोपाळला स्थायिक झालेल्या आमच्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. कन्येचा विवाह ठरला आणि वसईकडील मूळ धर्मग्रामातून तिच्या स्नानसंस्काराचा दाखला मागवावा लागला. तो हाती येण्यापूर्वी नातलगांनी नोंदवहीतील पानाचे छायाचित्र मोबाईलवरून पाठविले. पाहतात तो अक्षरे फिसकटलेली. वर्षातील शेवटचा इंग्रजी आकडा सहा की आठ, हे घरात कोणासच ठरविता येईना. मग मुलाने तेच छायाचित्र 'झिप' करून मागविले, आणि रेघ न् रेघ स्पष्ट दिसली. भगिनी विचारतात, "दोन्ही वेळा फाईल दाबून लहानच केली ना? मग एकीत आकडा हरवला आणि दुसरीत राहिला कसा?"

प्रश्न मार्मिक आहे, आणि उत्तरासाठी भगिनींना फार दूर जावयास नको. भोपाळपासून सुमारे ५० किलोमीटरांवर सांची आहे. तेथील स्तूपाच्या कठड्यांवर देणगीदारांचे शेकडो लहान लेख ब्राह्मी लिपीत कोरलेले आहेत. ही लिपी वाचणे लोक केव्हाच विसरून गेले होते. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेप यांच्या ध्यानात आले की, बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात. ती 'दानं' अशी असावीत असे त्यांनी ताडले, आणि लिपी उलगडू लागली. आता समजा, हे सारे लेख आपणांस वहीत उतरवून घ्यावयाचे आहेत. 'दानं' शेकडो वेळा कशास लिहावे? आरंभी एकदा लिहावे, पुढे नुसती फुली मारावी. वाचणारा फुलीच्या जागी तो शब्द घालील आणि मूळ लेख जसाच्या तसा मिळेल.

आपल्या घरी तरी निराळे काय आहे? जपमाळेच्या पाच दशकांत 'नमो मरिये' ही प्रार्थना पन्नास वेळा म्हणावयाची; म्हणून कोणी ती पुस्तकात पन्नास वेळा छापीत नाही. एकदा छापून 'दहा वेळा' एवढी सूचना दिली की पुरे. कागद वाचतो, प्रार्थनेतील शब्द मात्र एकही कमी होत नाही.

झिपमध्ये संगणक हेच करतो. याकोब झिव व अब्राहम लेम्पेल या इस्रायली शास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली रीत अशी: मजकुराचा एखादा तुकडा पूर्वी येऊन गेला असेल, तर तो पुन्हा न लिहिता 'इतके मागे जा, तेथून इतकी अक्षरे घे' एवढेच टिपून ठेवावे. तिच्या जोडीला डेव्हिड हफमन यांची १९५२ ची युक्ती असते. वारंवार येणाऱ्या चिन्हास आखूड खूण द्यावी, क्वचित येणाऱ्यास लांब. हफमन यांनी ती अमेरिकेत विद्यार्थी असताना, परीक्षेऐवजी निबंध पत्करून शोधली. (आमच्या बालवाचकांनी यावरून भलता बोध घेऊ नये!)

मराठी मजकूर तर असा विशेष आटतो. देवनागरीतील प्रत्येक वर्ण, काना वा मात्रा साठविण्यास संगणक बहुधा तीन 'बाइट' खर्च करतो. साध्या इंग्रजी अक्षरास एकच. त्या तिहींपैकी पहिला बाइट दर वेळी तोच, आणि दुसरा दोहोंपैकी एक. इतकी पुनरुक्ती असल्यावर फुल्या मारावयास जागाच जागा!

छायाचित्राची गोष्ट वेगळी. तेथे मोबाईल बहुधा 'जेपेग' ही १९९२ सालची रीत वापरतो. बेंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद यांनी दोन सहकाऱ्यांसह १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेले गणित तिच्या मुळाशी आहे. चित्राचे लहान लहान चौकोन पाडून प्रत्येकातील ठळक छटा राखावयाच्या आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारे बारीक फरक टाकून द्यावयाचे. आकाश, चेहरे, फुले यांत हे खपून जाते. परंतु शाईच्या रेघेची धार म्हणजे बारीक फरकच की! निरोपाच्या ॲपने वेळ व डेटा वाचविण्यासाठी छायाचित्र आणखी दाबले, की ती धार जाते. आणि टाकलेले परत मिळविता येत नाही. झिपमधून आलेले छायाचित्र खरे तर फारसे लहान झालेच नसेल, कारण कॅमेऱ्याने ते आधीच आटविलेले होते. झिपने ते गाठोड्यात बांधून आणले, आतील वस्तूस हात लावला नाही.

पुसट आकडा निदान संशय तरी उत्पन्न करतो. २०१३ मध्ये जर्मनीतील डेव्हिड क्रीसेल यांना आढळले की, काही छायाप्रत यंत्रे सहाच्या जागी चक्क स्वच्छ, सुरेख आठ उमटवीत होती! सारखे दिसणारे तुकडे एकदाच साठवावयाचे, ही तीच फुलीची युक्ती. पण येथे यंत्र 'तेच' आणि 'तसेच' यांत गल्लत करीत होते. बांधकामाच्या नकाशावरील खोल्यांची मापेही त्यामुळे बदलली होती.

तेव्हा जुन्या नोंदवह्या, सातबारा, लग्नाचे दाखले यांची छायाचित्रे पाठविताना ॲपमध्ये 'फोटो' न निवडता 'डॉक्युमेंट' निवडावे, अथवा झिप करावी. बारशाचे फोटो खुशाल दाबावेत; मावशीला बाळ ओळखू आले म्हणजे झाले. भगिनींच्या कन्येचे वर्ष सहाचेच निघाले. दाखला फादरांनी मूळ वहीवरून वाचून लिहिला आणि तो टपालाने भोपाळला पोहोचला आहे.