पाटीवरचे नाव आणि भटारखाना

सेगावचे सेवाग्राम झाले, ते टपालाच्या घोटाळ्यापायी. १९३६ साली गांधीजी वर्ध्याजवळच्या या खेड्यात राहावयास आले आणि त्यांची पत्रे बुलढाणा जिल्ह्यातील शेगावी जाऊ लागली. दोन्ही नावे उच्चारास जवळजवळ एकच. त्यातून शेगाव रेल्वेमार्गावरचे प्रसिद्ध ठिकाण. अखेर १९४० मध्ये गावाचे नाव बदलले. नवे नाव अर्थाने उदात्त होते हे खरेच; परंतु ते ऐकताक्षणी निराळे ओळखू येत होते, हा त्यातला व्यवहार नव्या पेढीचे नाव शोधणाऱ्याने ध्यानात घ्यावा.

वर्धा, हिंगणघाट वा आर्वी येथील एखाद्या व्यापारी घरातील मुलगा उपाहारगृह काढावयाचे म्हणतो, तेव्हा घरात प्रथम सुचते ते तीर्थंकरांचे किंवा आजोबांचे नाव. श्रद्धा योग्यच आहे. पण ज्या बाजारपेठेत कापड, भांडी आणि औषधे यांची तीन दुकाने आधीच ‘महावीर’ आहेत, तेथे चौथा ‘महावीर’ म्हणजे पुन्हा सेगाव-शेगाव! शिवाय अशा नावावर एकट्याची मालकी सांगणे कठीण. ‘रामायण’ हा शब्द उदबत्तीसाठी एकट्याचे व्यापारचिन्ह होऊ शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली ठरविले. धर्मग्रंथांच्या नावांबाबतचा तो विचार पूजनीय नावांनाही सहज लागू पडण्याजोगा आहे. वर्ध्यात बापूंच्या नावाचा मोह होतो, त्याला तर १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांविषयीच्या कायद्याचा थेट अडसर आहे. महात्मा गांधींचे नाव त्याच्या परिशिष्टात आहे. केंद्र सरकारच्या मुभेवाचून ते व्यापारास वापरता येत नाही.

तरुणांना इंग्रजी नाव हवे असते. ठेवावे, मात्र २०२२ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात दहाहून कमी कामगारांच्या दुकानासही पाटीवर मराठी देवनागरीत नाव लिहावे लागते, आणि ते अक्षर इतर लिपीतील अक्षरापेक्षा लहान चालत नाही. तेव्हा निवडलेले नाव आधी देवनागरीत लिहून घरातील आजींकडून वाचून घ्यावे. त्या अडखळल्या, तर गिऱ्हाईकही अडखळणार.

वर्ध्यात चांगल्या नावाचा नमुना शोधावयास दूर जावे लागत नाही. ‘गोरस भांडार’ या दोन शब्दांत आत काय मिळते ते सारे आले. तेथील गोरसपाक गावाबाहेरही याच नावाने ओळखला जातो. विदर्भात ‘सावजी’ या एका शब्दाने असेच काम होते: तिखट, झणझणीत रस्सा मिळणार, आणि बहुधा सामिष, हे पाटी वाचूनच कळते. शाकाहारी माणूस पुढे चालू लागतो; फसत कोणी नाही.

खरी कसोटी लागते ती ‘जैन’ हा शब्द पाटीवर चढविताना. भोजनपत्रिकेत ‘जैन पद्धतीचे पदार्थ मिळतील’ असे लिहिणे निराळे आणि ‘जैन भोजनालय’ हे नाव धारण करणे निराळे. पहिल्यात कांदा, लसूण, बटाटा वगळलेली चार भांडी वेगळी ठेवून भागते. दुसऱ्यात सारा भटारखाना बांधला जातो. कच्च्या दह्यात सोडलेला उडदाचा वडा म्हणजे द्विदळ. मग दहीवडा गेला. कढीस बेसन लावण्यापूर्वी ताक तापविले की नाही, हे आचाऱ्यास रोज विचारावे लागते. आणि रात्रिभोजन? डिसेंबरात वर्ध्याचा सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, तर उपाहारगृहाचा गल्ला भरू लागतो सातनंतर. चौविहार पाळणारा कोणी वृद्ध प्रवासी सेवाग्राम स्थानकावर उतरून, केवळ पाटीवरील शब्दावर विसंबून ताटावर बसतो. त्याने आचाऱ्यास काही विचारलेले नसते. विचारण्याची गरज पाटीने संपविलेली असते. त्याचे व्रत मोडले, तर तो दोष आचाऱ्याच्या नव्हे, नाव देणाऱ्याच्या माथी.

म्हणून सूर्यास्ताला चूल विझविण्याची तयारी असेल, त्यानेच तो शब्द पाटीवर घ्यावा. इतरांनी धर्म भटारखान्यात जितका पाळता येईल तितका पाळावा आणि पाटीवर साधे नाव लावावे: आईच्या हातचा एखादा पदार्थ, वाड्याचे जुने नाव, अंगणातले झाड. काय विकणार नाही याची यादी घरात बसून आधी करावी, नाव त्यानंतर शोधावे. घाईची घरे नेमके उलटे करतात आणि मग रात्री नऊ वाजता ‘अहिंसा’च्या पाटीखाली बटाट्याची भजी तळली जातात.

‘शुद्ध’, ‘स्वादिष्ट’ असे नुसते वर्णनपर शब्द ग्राहकास भावले, तरी व्यापारचिन्ह म्हणून त्यांची नोंद सहसा होत नाही. सोबत एखादा स्वतःचा, अनपेक्षित शब्द हवा. उपाहारगृहे ४३ व्या वर्गात मोडतात. पाटी रंगविण्यापूर्वी त्या वर्गात तेच किंवा तशाच उच्चाराचे नाव आधी कोणी घेतले आहे का, हे व्यापारचिन्ह नोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क पाहता येते. व्यक्तीस किंवा लघुउद्योगास ऑनलाइन अर्जास एका वर्गासाठी ४,५०० रुपये पडतात, आणि झालेली नोंद दहा वर्षे टिकते. पुढे नूतनीकरण करता येते.