भादव्याचं ऊन, अस्वल आणि मोबाइल

कुंभकोणमला येऊन मला दीड वर्ष झालं, पण तमिळ शब्द अजूनही मला फसवतात. गेल्या महिन्यात आमच्या घरमालकीण पाट्टी टीव्हीसमोर बसून मोठ्यानं म्हणाल्या, "करडी! करडी!" मला वाटलं, यांना करडीची भाजी हवी आहे. इथे कुठून मिळणार, असा विचार करत मी बाहेर आले, तर टीव्हीवर निलगिरीतल्या कोटगिरीची बातमी चालू होती. चहाच्या मळ्यातून एक काळं, केसाळ जनावर डुलत डुलत घरांकडे चाललं होतं. तमिळमध्ये करडी म्हणजे अस्वल!

आम्ही दोघी पोट धरून हसलो. पण चार दिवसांनी गावाकडून एक व्हिडिओ आला आणि माझं हसू पळालं. आजचा लेख त्या व्हिडिओबद्दल आहे. तुमचं गाव जंगलाच्या कडेला असेल, किंवा सुट्टीत मुलांना घेऊन तुम्ही अशा गावी जाणार असाल, तर शेवटपर्यंत नक्की वाचा.

व्हिडिओत काय होतं?

माझं माहेर बुलढाणा जिल्ह्यातलं, ज्ञानगंगा अभयारण्याच्या पायथ्याचं. बुलढाणा आणि खामगावच्या मधे अजिंठ्याच्या डोंगररांगेत हे अभयारण्य आहे. २०१९ मध्ये टिपेश्वरहून निघालेला एक वाघ सुमारे तीन हजार किलोमीटर चालून इथे पोहोचला, तेव्हा सगळीकडे याचं नाव झालं. पण आमच्यासाठी ज्ञानगंगा म्हणजे आधीपासूनच अस्वलांचं जंगल.

व्हिडिओ माझ्या चुलत भावानं पाठवला होता. तो बारावीत आहे. दुपारचे तीन, भादव्याचं कडक ऊन, नाल्याच्या काठी घाणेरीची दाट झुडपं. मोबाइल हातात धरून तो आणि त्याचे दोन मित्र वाकून वाकून पुढे चालले होते. कुजबुज ऐकू येत होती, "इथंच आहे, सकाळी पाय उमटलेले दिसले." शेवटी झुडपात काहीतरी हललं, फुसफुस असा आवाज आला आणि तिघेही पळाले. खाली त्यानं लिहिलं होतं, "ताई, उद्या नक्की सापडवतो!"

मी ताबडतोब फोन लावला. तो म्हणाला, "अगं ताई, आपण काय बंदूक घेऊन जातो का? नुसता व्हिडिओच तर काढायचा आहे."

मला आमचे आजोबा आठवले.

आजोबांची तीन ठिकाणं

भारतात १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला. त्याआधी परवाना काढून शिकार चालायची. आजोबा तेव्हा तरुण होते आणि बाहेरून आलेल्या शिकाऱ्यांबरोबर हाक्याला जायचे. त्यांना त्या दिवसांचा अभिमान नव्हता, पण जंगलाची माहिती मात्र त्यांच्याकडे भरपूर होती. पावसाळा सरताना ऊन तापलं की अस्वल कुठे शोधायचं, याची तीन ठिकाणं ते सांगायचे.

पहिलं, पाणी आणि गारवा. दिवसा अस्वल नाल्याच्या काठच्या दाट झुडपात, खडकांच्या कपारीत किंवा गुहेत पडून राहतं. ऊन उतरलं की बाहेर येतं, रात्रभर फिरतं आणि सूर्य वर यायच्या आत परत जातं.

दुसरं, वारूळ. वाळवी आणि मुंग्या हे आपल्याकडच्या अस्वलाचं मुख्य अन्न. पावसानं माती मऊ झालेली असते, लांब नखांनी वारूळ फोडणं सोपं जातं. अस्वलाच्या वरच्या जबड्यात मधले दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी अक्षरशः ओढून घेतं. त्याचा आवाज बराच लांबून ऐकू येतो.

तिसरं, पिकलेलं काहीही. उंबर, बोर, मध आणि शेतातला मका, भुईमूगसुद्धा.

पण याच्यापुढे आजोबा एक वाक्य हमखास जोडायचे: "अस्वल शोधणं सोपं आहे, पण ते सापडल्यावर तुझ्यात आणि त्याच्यात किती अंतर आहे, ते तुझ्या हातात नसतं." त्यांच्या एका सोबत्याचा अर्धा चेहरा अस्वलानं ओरबाडून काढला होता. ते गृहस्थ पुढे आयुष्यभर गमछा बांधूनच गावात फिरले.

माझ्या भावाला ही तीन ठिकाणं पाठ आहेत. आजोबांचं ते शेवटचं वाक्य मात्र त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही. तो सहा वर्षांचा असताना आजोबा गेले.

परदेशातलं अस्वल आणि आपलं अस्वल

भावाची आणखी एक गल्लत होती. त्यानं अमेरिकेतल्या शिकारीचे व्हिडिओ पाहिले होते. तिथल्या काळ्या अस्वलाची शिकार काही राज्यांत ठरावीक हंगामात कायद्यानं करता येते. सप्टेंबरच्या उन्हात तिथले शिकारीसुद्धा सावलीचे उतार, ओढे आणि ओकची फळं पडलेल्या जागा शोधतात. थंडीत झोपून काढायचे महिने समोर असल्यामुळे ते अस्वल या दिवसांत दिवसभर खात असतं. माणसाची चाहूल लागली की बहुतेक वेळा ते पळून जातं.

आपल्याकडे हिमालयात आणि ईशान्येत वेगळं काळं अस्वल आहे. काश्मीरमध्ये मका आणि अक्रोड तयार झाले की ते शेतात, बागेत उतरतं आणि तिथेही माणसांवर हल्ले होतात.

महाराष्ट्रात आणि तमिळनाडूत आढळतं ते तिसरंच. लांब विस्कटलेले केस, छातीवर इंग्रजी व्ही किंवा वायसारखा पांढुरका पट्टा, फिकट लांब तोंड. हे अस्वल थंडीत झोपून राहत नाही, वर्षभर फिरतं. त्याचं नाक अतिशय तीक्ष्ण, पण नजर आणि कान त्या मानानं बेताचे. खाण्यात गुंग असलं की आपण अगदी जवळ जाईपर्यंत त्याला कळत नाही आणि दचकलं की पळण्याऐवजी ते अंगावर येतं. वाघाच्या जंगलात राहणाऱ्या या जनावराला स्वतःला वाचवायची हीच सवय लागलेली आहे.

केनेथ अँडरसन या शिकाऱ्यानं १९५७ च्या आपल्या पुस्तकात म्हैसूरकडच्या अशाच एका अस्वलाची हकीकत लिहिली आहे. त्यानं किमान बारा माणसं मारली होती. अशी अस्वलं फार विरळ. पण साध्या, दचकलेल्या अस्वलाचा एक पंजासुद्धा पुरेसा असतो.

स्यमंतक मण्याची गोष्ट

गणेश चतुर्थीला पाट्टींनी शेजारच्या मुलांना स्यमंतक मण्याची गोष्ट सांगितली होती. आपल्याकडेही चतुर्थीचा चंद्र दिसला की हीच गोष्ट ऐकायची पद्धत आहे. प्रसेन गळ्यात मणी घालून शिकारीला जातो. सिंह त्याला मारतो, सिंहाला जांबवान मारतो. श्रीकृष्ण पावलांचे ठसे बघत बघत गुहेत शिरतो आणि अठ्ठावीस दिवस लढाई चालते.

लहानपणी मी ही गोष्ट मण्यासाठी ऐकायचे. या वेळी माझं लक्ष दुसरीकडेच गेलं. जांबवान गुहेत काय करत होता? त्यानं तो मणी आपल्या पिल्लाला खेळायला दिला होता. म्हणजे ठशांमागे जाऊन जिथे पोहोचायचं, तिथे कुणाचं तरी घर आणि लेकरू होतं.

आपल्याकडच्या अस्वलाची मादी पिल्लांना पाठीवर घेऊन फिरते. पिल्लं तिच्या लांब केसांना धरून बसतात. आई सांगते, मी दीड वर्षाची असताना गावात दरवेशी आला होता आणि मुलीची भीती जावी म्हणून मला त्याच्या अस्वलाच्या पाठीवर बसवलं होतं. केसांचा ताईतही घेतला होता. नाचवायच्या अस्वलाचं नाक तापलेल्या सुईनं टोचलेलं असतं, दात पाडलेले असतात, हे आईला तेव्हा ठाऊक नव्हतं. अस्वल नाचवण्याची ही प्रथा २००९ च्या सुमारास देशात जवळपास संपली. सोडवलेली कितीतरी अस्वलं आग्रा आणि बंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा इथल्या केंद्रांत राहिली.

मुलांना आणि मोठ्यांना हे सांगून ठेवा

भावाला मी फोनवर जे सांगितलं, तेच तुमच्यासाठी लिहिते आहे.

• पहाटे आणि दिवेलागणीनंतर एकट्यानं शेतात किंवा डोंगरात जाऊ नका. सीताफळं, सरपण, मध यांसाठी जायचं असेल तर ऊन वर आल्यावर आणि तीन-चार जणांनी मिळून जा.

• बोलत, आवाज करत चाला. काठीला घुंगरू किंवा छोटी घंटा बांधा. कानात इयरफोन नको. अस्वलाला तुमची चाहूल लांबूनच लागली, तर बहुतेक वेळा ते स्वतःच बाजूला होतं.

• भर दुपारी नाल्याकाठच्या दाट झुडपात, कपारीत किंवा गुहेत डोकावू नका. ती त्याची झोपायची जागा आहे.

• उघड्यावर शौचाला जाणं टाळा. वाकून बसलेल्या माणसाला जनावर दिसत नाही आणि जनावरालाही माणूस ओळखू येत नाही.

• ताजं फोडलेलं वारूळ, पायांचे ठसे किंवा पिल्लू दिसलं तर लगेच मागे फिरा. पिल्लू एकटं दिसलं तरी आई जवळच असते.

• अस्वल लांब दिसलं तर पळू नका, दगड मारू नका. त्याच्याकडे लक्ष ठेवून हळूहळू मागे सरका. झाडावर चढण्यात अर्थ नाही, तेही चढतं.

• अंगावर आलंच तर पालथे पडा, चेहरा जमिनीकडे आणि दोन्ही हात मानेवर. हल्ला बहुधा डोक्यावर आणि चेहऱ्यावर होतो.

• जखम झाली तर स्वच्छ कापड दाबून रक्त थांबवा आणि लगेच दवाखाना गाठा. रक्तस्राव आटोक्यात असेल तर जखम साबण-पाण्यानं नीट धुवा. धनुर्वात आणि रेबीजच्या इंजेक्शनबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा.

• महाराष्ट्रात वनविभागाचा मदत क्रमांक १९२६ आहे. घरातल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो साठवून ठेवा.

आणि हो, बंदूक नसली तरी जंगली जनावराला डिवचणं, पाठलाग करणं हाही कायद्यानं गुन्हाच आहे. आपलं अस्वल या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतं, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे.

पुढे काय झालं?

खरं सांगू? फोनवर भाऊ माझ्यावर चिडला. "ताई, तू तिकडे एसीत बसून लेख लिहितेस, इथं आम्ही राहतो," म्हणाला. त्याचं चूक नव्हतं. कुंभकोणमच्या आसपास भाताची सपाट शेतं आणि कावेरीचे कालवे. इथून अस्वलाबद्दल सल्ले देणं सोपं आहे. आणि एसी तर आमच्याकडे नाहीच, ही वेगळी गोष्ट!

मग मी सल्ला देणं थांबवलं आणि त्याला आजोबांच्या त्या सोबत्याबद्दल सांगितलं. गमछ्याबद्दल त्याला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आणि काका पहाटे साडेचारला मोटर लावायला जातात, त्याचं काय?"

काका म्हणजे माझे बाबा. रात्रीची वीज, पहाटेची मोटर, विहिरीशेजारी उंबर. भावाची काळजी करताना बाबांचा विचार माझ्या डोक्यातच आला नव्हता.

परवा भावाचा नवा व्हिडिओ आला. त्यात अस्वल नव्हतं. अंधारात विजेरीचा उजेड, बाबांच्या काठीला बैलाच्या गळ्यातली जुनी घंटा बांधलेली आणि पुढे बाबा, मागे भाऊ, दोघं मोठमोठ्यानं गप्पा मारत विहिरीकडे चाललेले. विषय सोयाबीनच्या भावाचा होता. इतक्या तावातावानं बोलत होते की अस्वलच काय, अख्खं शिवार जागं झालं असेल.

मी तो पाट्टींना दाखवला. त्यांनी घंटेकडे बोट दाखवून विचारलं, "कोयिल?" म्हणजे देवळासाठी का? मी म्हटलं, "नाही पाट्टी, करडी."

१२ ऑक्टोबरला जागतिक अस्वल दिन आहे. आपल्याकडच्या या अस्वलासाठी २०२२ पासून तो पाळतात. त्या दिवशी घरातल्या मुलांना जांबवानाची गोष्ट सांगा आणि त्याबरोबर वरची यादीही वाचून दाखवा. तुमच्या गावाकडे अस्वलापासून जपून राहण्यासाठी काय करतात? मला नक्की कळवा. आमच्या बाबांना उपयोग होईल.