पूर्वपक्ष कोणाचा?

इंग्रजीतील वैचारिक ग्रंथ वाचताना आपले विद्यार्थी अडखळतात, ते शब्दसंग्रह तोकडा असल्यामुळे, असा सार्वत्रिक समज आहे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून इंग्रजी आले. त्याआधी मराठी शाळांत ते पाचवीपासून असे. त्या पहिल्या तुकड्या पदव्या घेऊन बाहेरही पडल्या. शब्द वाढले असतील, पण अडखळणे संपलेले नाही. आमच्या मते दुखणे निराळे आहे.

वाचन म्हणजे क्षणोक्षणी निर्णय. कोणता शब्द कोशात पाहावा, कोणता ओलांडावा, कोठे मागे फिरावे. आणि मुख्य म्हणजे समोरचे विधान कोणाचे मानावे. विद्यार्थ्याची पेन्सिल जड नामांखाली रेघा ओढते. 'फोटोसिन्थेसिस' कोशात सापडतेच. अर्थ फिरवतात ते 'हाउएव्हर', 'अनलेस', 'हार्डली' यांसारखे किरकोळ भासणारे शब्द. 'अ फ्यू' म्हणजे थोडे आहेत. नुसते 'फ्यू' म्हणजे जवळजवळ नाहीतच. लेखक खंडनासाठी प्रतिपक्षाचे मत परिच्छेदभर मांडतो आणि विद्यार्थी तेच लेखकाचे मत म्हणून उतरवून घेतो. शब्दार्थ सारे बरोबर, विचार मात्र नेमका उलटा.

आपल्याकडे शास्त्रग्रंथ वाचणाऱ्याला पूर्वपक्ष आणि सिद्धान्त वेगळे ओळखावेच लागत. गीतेच्या पहिल्या अध्यायावर थांबणारा वाचक अर्जुनाच्या विषादालाच गीतेचा उपदेश समजेल. श्रीकृष्णाचे उत्तर सुरू होते ते दुसऱ्या अध्यायात.

गीतेवरून पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकची आठवण होते. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे तेथे जन्मले. त्यांच्या आईला संस्कृत गीता समजत नसे. ती सोप्या मराठीत यावी ही तिची इच्छा. १९१८ साली ती गेली. 'गीताई' लिहून झाली १९३०-३१ साली. अनुवादकाला शब्द ओलांडण्याची सोय नसते. प्रत्येक पदापाशी त्याला निर्णय करावाच लागतो. समजावे म्हणून वाचणे ते हे.

आपली गाईडे नेमके उलट करतात. महत्त्वाचे काय, वगळायचे काय, उत्तर किती ओळींचे, हे सारे आधीच ठरवून विद्यार्थ्याच्या हाती देतात. निर्णयाचा सरावच न झालेला वाचक कोऱ्या उताऱ्यापुढे निराधार होतो, यात नवल ते काय?

म्हणून वर्गात शब्दार्थाबरोबर तीन प्रश्न विचारावेत: हे म्हणणे कोणाचे? ते कोणत्या शब्दावरून कळले? तो शब्द गाळला तर काय बदलेल? आणि हे खुशाल मराठीत विचारावेत. त्याने इंग्रजी कच्चे राहील ही भीती आम्हांला अनाठायी वाटते. पूर्वपक्ष ओळखण्याची नजर मराठी अग्रलेखावर तयार झाली, तर ती इंग्रजी ग्रंथातही उपयोगी पडते.

प्रश्न केवळ गुणांचा नाही. कोण काय म्हणतो आहे हे ज्याला वेगळे करता येत नाही, त्याच्या तोंडी कोणीही आपले मत घालू शकतो. अशा पदवीधरांची संख्या वाढवून आपण नेमके काय साधणार आहोत?