सन्नतीची वाट रुळायला हवी

पंढरपुरात चंद्रभागा म्हणवणारी भीमा पुढे कर्नाटकात शिरते आणि कृष्णेला मिळण्याआधी कलबुर्गी जिल्ह्यातल्या सन्नती गावावरून जाते. महाराष्ट्रातल्या अनेक घराण्यांची कुलदेवता चंद्रलांबा इथलीच. पण देवीची ओटी भरून परतणाऱ्यांपैकी किती जण शेजारच्या कनगनहळ्ळीचा बौद्ध स्तूप पाहतात? ही वाट रुळली पाहिजे, कारण अशा आडगावच्या वारशाला गर्दीपेक्षा अनास्थेचा धोका मोठा असतो.

त्याचा पुरावा सन्नतीतच आहे. १९८६मध्ये चंद्रलांबेच्या देवस्थानातील काली मंदिराचे छत कोसळले आणि मूर्तीच्या पीठाची शिळा उजेडात आली. तिच्यावर सम्राट अशोकाचे आदेश कोरलेले होते. मूर्ती बसवण्यासाठी तिच्यात आरपार चौकोनी खाच पाडलेली असल्याने तेवढा मजकूर कायमचा गेला. खाच पाडणाऱ्याला बोल लावता येणार नाही. त्या अक्षरांचे मोल त्याला सांगणारे कोणी नव्हते. आपल्याला मात्र ती सबब उरलेली नाही. १९९०च्या दशकात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने कनगनहळ्ळीचे उत्खनन केले, तेव्हा एका शिल्पपटावर राणी आणि चवरीधारी सेविकांसह उभा असलेला राजा सापडला. वर ब्राह्मी लिपीत नाव आहे, ‘राया असोको’. सातवाहन राजांची नावे कोरलेली शिल्पेही इथे मिळाली. सातवाहनांच्याच नाणेघाटाचा अभिमान बाळगणाऱ्यांच्या इतिहासाचेच हे पुढचे पान आहे.

लोक आले की नावे कोरतील, कचरा करतील, हा आक्षेप खोटा नाही. पण त्यावर उपाय पहारा, कठडे आणि माहितगार स्थानिक वाटाडे हा आहे. स्थळ विस्मृतीत ठेवणे हा नव्हे. माणसांची ये-जा असेल तर पडझडीची दखल घेतली जाते आणि जतनासाठी पैसा मागायला आवाज मिळतो. शिल्पे शहरातल्या संग्रहालयात हलवावीत, असेही सुचवले जाईल. आंध्रातल्या अमरावतीचे तेच झाले. तिथली शिल्पे लंडन आणि चेन्नईत विखुरली आणि मूळ जागी महास्तूपाचा जेमतेम पाया उरला. शिल्प सुरक्षित राहिले तरी ते स्तूपाच्या कोणत्या अंगाला होते, त्याच्या शेजारी काय होते, हा संदर्भ तुटतो. म्हणून छप्पर, संग्रहालय आणि कन्नडबरोबरच मराठीतले माहितीफलक कनगनहळ्ळीतच हवेत.

सरकारने ते करावेच; पण मागणी वाढल्याशिवाय सरकारे हलत नाहीत. तेव्हा चंद्रलांबेच्या दर्शनाला जाल, तेव्हा कनगनहळ्ळीसाठी दोन तास राखून ठेवा, मुलांना बरोबर न्या आणि कोणत्याही दगडाला हात न लावता तो स्तूप नीट पाहून या.