इंजिन बदललं, सेल्फ फिरतो, पण गाडी सुरू होत नाही? आधी ईसीयूला विचारा

१८ आणि १९ ऑगस्ट २०२५ च्या पावसाने मुंबई महानगराला झोडपून काढलं. मीरा रोडला पाणी तुंबणं तसंही नवीन नाही. पाण्यात बंद पडलेल्या गाडीला पुन्हा सेल्फ मारला, की सिलिंडरमध्ये शिरलेलं पाणी दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग पूनम सागरमधल्या एखाद्या कुटुंबापुढे स्वस्त पर्याय उरतो तो जुन्या बाजारातलं इंजिन बसवण्याचा. खरी डोकेदुखी त्यानंतर सुरू होते.

अडतं कुठे?

कार्ब्युरेटरच्या गाडीला हवा, पेट्रोल आणि स्पार्क पुरायचा. फ्युएल इंजेक्शनमध्ये पेट्रोल कधी आणि किती सोडायचं हे ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर ठरवतो. बऱ्याच गाड्यांत ईसीयू आणि चावीतली चिप यांची जोडी असते. दुसऱ्या गाडीचा ईसीयू लावला, तर तो तुमची चावी ओळखत नाही. म्हणून शक्यतो त्याच मॉडेलचं इंजिन घ्या आणि ईसीयू, वायरिंग आपलंच ठेवा.

पहिला स्टार्ट, या क्रमाने

१. ऑइल आणि कूलंट भरा. इंजिनपासून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी बसवली आहे का पाहा. ती हमखास विसरली जाते.
२. इंजेक्टर आणि इग्निशन कॉइलचे कनेक्टर काढून थोडा थोडा वेळ सेल्फ मारा. ऑइलचा लाइट विझला पाहिजे.
३. कनेक्टर परत लावा. चावी फक्त ऑन करा. पंप साधारण दोन सेकंद वाजून थांबेल. असं तीन-चार वेळा केलं की लाइनमधली हवा निघून प्रेशर तयार होतं. मगच सेल्फ मारा.

तरीही नाही झाली?

आता फोन काढा. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर स्टिअरिंगखालच्या पोर्टला लावून ॲपमध्ये लाइव्ह डेटा बघा. सेल्फ मारताना आरपीएम साधारण २०० च्या आसपास दिसायला हवा. शून्य दिसला, तर इंजिन फिरतंय हे ईसीयूला कळतच नाहीये: क्रँक सेन्सर तपासा. कूलंटचं तापमान उणे ४० दिसलं, तर त्या सेन्सरचा कनेक्टर बहुधा सुटलाय. व्होल्टेज १० च्या खूप खाली गेलं, तर बॅटरी किंवा अर्थिंग बघा. चावीच्या चित्राचा लाइट लुकलुकत असेल, तर अडचण इमोबिलायझरची आहे.

चावी आणि ईसीयूची जोडी नव्याने जुळवायला मात्र कंपनीचं सॉफ्टवेअर किंवा तसंच खास उपकरण लागतं. केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये राइट टू रिपेअर पोर्टल सुरू केलं, त्यात वाहनक्षेत्रही आहे. पण गल्लीतल्या मेकॅनिककडे पाना आहे, पासवर्ड नाही. बिल फुगतं ते इथेच. निदान बिघाड कुठे आहे हे स्क्रीनवर पाहून गॅरेजमध्ये गेलात, तर उगाच चार पार्ट बदलले जाणार नाहीत.

सुरू झाली, पण काम संपलं नाही

इंजिन नंबर आरसीवर आणि विम्यावर असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आधी मंजुरी न घेता इंजिन बदललं असेल तर १४ दिवसांत आरटीओला कळवावं लागतं. जुनं इंजिन घेताना पक्कं बिल मागा आणि ब्लॉकवरच्या नंबरचा फोटो काढून ठेवा. ते चोरीचं निघालं, तर तुमच्या हातात पुरावा एवढाच असेल.