लोकांना नको असलेला कोच

"लोकांना तो नको, खेळाडूंना तो नको, मग हा माणूस त्याला पाठीशी का घालतोय?"

माझा चुलतभाऊ न्यू जर्सीत राहतो. मूळचा आमच्याच कोकणातला, पण आता रविवारी न्यूयॉर्क जायंट्स हरले की त्याचा सोमवार वाया जातो. हा फुटबॉल आपला पायाने खेळायचा नव्हे. चेंडू हातात धरून, धडका देत पुढे सरकायचा अमेरिकन फुटबॉल. जायंट्स नावाने न्यूयॉर्कचे, मैदान मात्र न्यू जर्सीत. म्हणून भाईजानचा जीव त्यांच्यात अडकलाय. वरचं वाक्य तो दर दोन-तीन वर्षांनी मला पाठवतो, फक्त कोचचं नाव बदलतं. 'हा माणूस' म्हणजे क्लबचा जनरल मॅनेजर. भाईजानच्या मते कारणं दोनच असू शकतात. एक तर मॅनेजर मूर्ख आहे, नाहीतर त्याचं काहीतरी साटंलोटं आहे.

मला हे मान्य नाही. तिसरंही कारण असतं, आणि ते भाईजानच्याच लाडक्या क्लबच्या इतिहासात आहे.

आधी कामाची वाटणी समजून घेऊ. जनरल मॅनेजर खेळाडू निवडतो, त्यांचे करार करतो, आणि मालकांच्या संमतीने कोचची निवडही बहुधा तोच करतो. हेड कोच त्या खेळाडूंकडून तयारी करून घेतो आणि सामन्यातले निर्णय घेतो. प्रेक्षक कोचला रविवारी तीन तास बघतो. मॅनेजर त्याला आठवडाभर बघतो. सगळा वाद या फरकात आहे.

2004 मध्ये जनरल मॅनेजर अर्नी अकोर्सी यांच्या काळात टॉम कॉफलिन जायंट्सचा हेड कोच झाला. माणूस करड्या शिस्तीचा. बैठकीला पाच मिनिटं आधी यायचं हा त्याचा नियम. ठरल्या वेळेला आलात म्हणजे उशीर झाला! वेळेआधी आलेल्या, पण पुरेसे आधी न आलेल्या खेळाडूंना त्याने दंड केला. प्रकरण खेळाडूंच्या संघटनेपर्यंत गेलं. मायकल स्ट्रेहनसारखा मोठा खेळाडू सुरुवातीला त्याच्यावर चिडून होता. टिकी बार्बर हा दुसरा मोठा खेळाडू जाहीरपणे बोलत होता. वर्तमानपत्रांना तर रोजचं खाद्य मिळालं.

निकाल काय होते? पहिल्या वर्षी 6 विजय, 10 पराभव. 2005 मध्ये 11 विजय आणि गटात पहिला नंबर. 2006 मध्ये पहिल्या आठपैकी सहा सामने जिंकले, नंतरच्या आठपैकी सहा हरले. तरी बाद फेरी गाठली आणि तिथे फिलाडेल्फियाविरुद्ध अगदी शेवटच्या क्षणी 23-20 असे बाहेर पडले. घरच्याच मैदानावर लोक कॉफलिनला हाकला म्हणून ओरडत होते.

जानेवारी 2007 मध्ये क्लबने काय केलं? त्याला ठेवलं. करार फक्त एका वर्षाने वाढवला. त्याच महिन्यात अकोर्सी निवृत्त झाले आणि जेरी रीस जनरल मॅनेजर झाला. नव्या मॅनेजरला सहसा स्वतःचा कोच हवा असतो. रीसने मिळालेल्या कोचबरोबर काम सुरू केलं.

पुढचा मोसम पहिले दोन सामने हरूनच सुरू झाला. त्या दोन सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांनी मिळून 80 गुण केले. त्या आठवड्यात भाईजान काय काय बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यानंतर संघ सलग सहा सामने जिंकला. मोसम 10-6 वर संपला. बाद फेरीत टॅम्पा, डॅलस आणि ग्रीन बे या तिन्ही परक्या मैदानांवर विजय मिळाला. आणि 3 फेब्रुवारी 2008 रोजी सुपर बोलमध्ये, तोवर 18 पैकी 18 सामने जिंकलेल्या न्यू इंग्लंड पेट्रियट्सला जायंट्सनी 17-14 असं हरवलं.

आता भाईजान म्हणेल, "जिंकला म्हणून सांगतोस. हरला असता तर?" प्रश्न रास्त आहे. जानेवारी 2007 मध्ये पुढच्या वर्षीचा फेब्रुवारी कुणालाच दिसत नव्हता. म्हणून तो निर्णय चषकाने मोजू नका. त्या दिवशी काय माहीत होतं, त्याने मोजा.

त्या दिवशी माहीत होतं ते असं. सलग दोन वर्षं संघ बाद फेरीत पोहोचला होता. 2006 च्या घसरणीत स्ट्रेहनसह अनेक महत्त्वाचे खेळाडू जखमी होते. ईलाय मॅनिंग हा तरुण क्वार्टरबॅक, म्हणजे हल्ल्याची सूत्रं हलवणारा खेळाडू, अजून शिकत होता. कोच बदलला की आखणी बदलते, भाषा बदलते, त्या पोराला पाटी पुसून पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करावी लागते. शिकवणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. वर्गाचा शिक्षक मध्येच बदलला की दोन महिने कुठे जातात ते आपण जाणतो. आणि सगळ्यात मोठी गोष्ट: संघ हरत होता, पण त्याने खेळणं सोडलं नव्हतं. खेळाडू कोचवर चिडलेले असणं वेगळं आणि त्यांनी कोचचं ऐकणं सोडणं वेगळं. हा फरक गॅलरीतून दिसत नाही.

आणि हे पाठबळ फुकटचं नव्हतं. हल्ल्याची आखणी करणारा सहायक मोसम संपायच्या आतच बाजूला झाला होता. आता बचावाचा सहायक बदलला, स्टीव्ह स्पॅग्नुओलो आला. पेट्रियट्सच्या हल्ल्याला 14 गुणांवर रोखलं ते त्याच्याच बचावाने. खुद्द कॉफलिनला बदलावं लागलं. त्याने ज्येष्ठ खेळाडूंची एक समिती केली आणि तिचं ऐकू लागला. सराव शिबिरात एक दिवस बैठक रद्द करून सगळ्या संघाला बोलिंग खेळायला घेऊन गेला. नियम तेच राहिले, माणूस थोडा मऊ झाला. स्ट्रेहनचं मतही फिरलं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. नापसंती ही खबर आहे, निकाल नाही. लोक नाराज आहेत हे कळल्यावर मॅनेजरने आत जाऊन बघायचं असतं की नाराजी कशाची आहे. काम होत नाही म्हणून? की काम करून घेतलं जातंय म्हणून? पहिल्या कारणासाठी कोच घालवा. दुसऱ्या कारणासाठी घालवाल तर पुढचा कोच पहिल्या दिवशीच शिकेल की इथे टिकायचं तर कुणाला काही सांगायचं नाही. टाळ्या मोजायला मॅनेजर लागत नाही, एक शिपाई पुरे.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर भाईजान मला एकांगी म्हणेल. मॅनेजर कधी कधी कोचला नाही, स्वतःच्या सहीला वाचवत असतो. नेमणूक आपली, म्हणजे चूक कबूल केली तर आपलीच. 2008 चा तोच रीस घ्या. 2011 च्या मोसमात संघ 7-7 वर होता, पुन्हा कॉफलिनच्या नावाने ओरड सुरू झाली, आणि पुन्हा तोच संघ फेब्रुवारी 2012 मध्ये सुपर बोल जिंकला. त्यानंतर मात्र सलग चार वर्षं बाद फेरी हुकली. जानेवारी 2016 मध्ये कॉफलिन गेला. ते खेळाडू निवडणारा रीस राहिला. नवा कोच बेन मॅकअ‍ॅडू पहिल्या वर्षी चमकला, पण 2017 मध्ये सगळं कोसळलं. लागोपाठ 210 सामन्यांत सुरुवात केलेल्या मॅनिंगला बाकावर बसवलं, तेव्हा लोक पेटले. 4 डिसेंबर 2017 रोजी, 2 विजय आणि 10 पराभवांनंतर, मॅनेजर आणि कोच दोघांनाही एकाच दिवशी घरी पाठवलं. त्या वेळी लोकांचा राग बरोबर होता. मी तो नाकारत नाही. मी एवढंच म्हणतो की तो तपासून बरोबर ठरला, मोठ्याने ओरडला म्हणून नव्हे.

आपल्याला हे अमेरिकेकडून शिकायची गरज नव्हती. प्रेषित (स.) यांनी उसामा बिन जैद (रजि.) यांना लष्कराचं नेतृत्व दिलं, तेव्हा ते जेमतेम अठरा-वीस वर्षांचे होते. ज्येष्ठ सहाबा त्यांच्या हाताखाली. कुजबुज झाली. प्रेषितांनी (स.) ती ऐकून घेतली आणि स्पष्ट सांगितलं की याच्या वडिलांच्या नेतृत्वावरही तुम्ही असंच बोलला होतात, आणि ते त्या पदाला लायक होते, हाही आहे. पुढे हजरत अबू बकर (रजि.) यांच्याकडे हीच मागणी पुन्हा आली की मोठ्या वयाचा सेनापती द्या. त्यांनी ठाम नकार दिला.

आता दुसरा प्रसंग. कादिसियाचे विजेते हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) कूफ्याचे अमीर होते. कूफ्याच्या लोकांनी हजरत उमर (रजि.) यांच्याकडे तक्रारी केल्या, इतक्या की ते नमाजही नीट पढवत नाहीत म्हणाले. हजरत उमर (रजि.) यांनी त्यांना पदावरून काढलं. पण त्याचबरोबर माणसं पाठवून कूफ्यातल्या मशिदी-मशिदींत चौकशी करवली. एक आरोप करणारा सोडला तर सगळीकडून कौतुकच आलं. आणि मृत्युशय्येवर, पुढचा खलिफा निवडणाऱ्या सहा जणांत सादचं नाव घालताना, हजरत उमर (रजि.) यांनी बजावून सांगितलं की मी त्यांना असमर्थ म्हणून किंवा बेईमान म्हणून काढलं नव्हतं.

एका ठिकाणी नापसंत माणूस ठेवला, दुसऱ्या ठिकाणी काढला. दोन्हीकडे अमानत सांभाळली गेली. ठेवताना लायकी बघितली. काढताना चौकशी केली आणि माणसाची इज्जत राखली. आम्ही यातलं काय करतो?

आम्ही सह्या गोळा करतो. मशिदीचा इमाम असो, जमातीचा सेक्रेटरी असो की शाळेचा मुख्याध्यापक, अर्ज तयार होतो, चहाच्या टपरीवर फिरतो, कमिटीसमोर जातो. कमिटीवाले सह्या मोजतात. चौकशी कुणी करत नाही.

मी नवा नवा बी.एड. होऊन एका उर्दू शाळेत लागलो, तेव्हा तिथे एक मुख्याध्यापक होते. आम्ही त्यांना बडे सर म्हणायचो. सकाळी सात वीसला गेट बंद. मुलगा कुणाचाही असो, शिक्षक कितीही जुना असो. आमची मुलं दहावीला गणितात तरून जायची आणि मराठीत अडकायची. म्हणून त्यांनी शाळा भरण्याआधी मराठीचा जादा तास सुरू केला आणि आम्हा शिक्षकांना आळीपाळीने त्यावर लावलं. जादा पगार नाही. पालक म्हणाले, पोरांची झोप मोडते. आम्ही म्हणालो, सरांना माणुसकी नाही. काहीजण तर म्हणाले, उर्दू शाळेत मराठीचं एवढं प्रेम कशाला? अर्ज निघाला. त्यावर माझीही सही होती.

बडे सर खरंच कडक होते. कधी कधी विनाकारण अपमान करायचे. त्यांना कुणीतरी बसवून सांगायला हवं होतं, "सर, तास चालू राहील, पण बोलणं बदला." जायंट्सनी कॉफलिनच्या बाबतीत नेमकं एवढंच केलं. आमच्या कमिटीतल्या एकानेही जादा तासाला येऊन मागच्या बाकावर दहा मिनिटं बसून बघितलं नाही. सरांना राजीनामा द्यायला लावला. मग त्यांच्याबद्दल नको ते पसरवलं, म्हणजे आपला निर्णय बरोबर दिसावा. गेट पुन्हा आठपर्यंत उघडं राहू लागलं. जादा तास बंद झाला. आम्ही सगळे खूश होतो. दहावीचा निकाल लागला तेव्हा मराठीत नापास झालेल्या मुलांच्या घरी जायला आमच्यातलं कुणी तयार नव्हतं. त्या मुलांपैकी एक आज माझ्या रस्त्यावर रिक्षा चालवतो. मला बघितलं की अजून "सर" म्हणून थांबतो. मी दुसरी रिक्षा बघतो.

म्हणून भाईजान, पुढच्या वेळी कोचला हाकला म्हणून मेसेज टाकण्याआधी चार गोष्टी विचार. खेळाडू त्याचं ऐकतात का? मागच्या वर्षीपेक्षा कोण सुधारलं? मॅनेजरने त्याच्याकडून काही बदलून घेतलं का? आणि तो त्याला वाचवतोय की स्वतःच्या सहीला? उत्तरं वाईट आली तर खुशाल ओरड, मीही इथून ओरडेन. पण उत्तरं शोधल्याशिवाय ओरडू नकोस. मी एकदा न शोधता सही केली आहे.